हिरवं पाकीट आणि परतीची वाट

चांद्र दुसरा महिना, सव्वीस

सकाळी आमच्या दर्यादेवीपुढे, माझू मातेपुढे, चहाचे तीन पेले ठेवले, उदबत्ती लावली आणि तिला सांगितलं, आज देवळाच्या समितीत आमची बाजू तूच सांभाळ. तिने सांभाळली, पण जेमतेम.

वू भाऊजी अध्यक्ष. त्यांनी सगळ्यांसमोर गेल्या वर्षीची गोष्ट काढलीच. "गेल्या साली मातेच्या वाढदिवसाला पालखी निघाली, आपण इथून ती दाखवली, आणि तिकडे काओशुंग शहरात काय पोहोचलं? नुसता मुकुट! मुकुट आला आणि चित्र थिजलं. माझी बहीण अर्धा तास मुकुटाला हात जोडून बसली होती."

सगळे हसले. मीही हसले, नाही तर करते काय. रुओ-वेई मात्र मान खाली घालून बसली होती. बेटावरच्या इंटरनेटची आमची सहकारी संस्था दोघींवर चालते. यंत्रं माझी लेक बघते, हिशेब मी ठेवते. बाकी सभासद वर्गणी देतात आणि तक्रारी करतात.

ठरलं ते असं. पुढल्या महिन्यात तेविसाव्या दिवशी, मातेच्या वाढदिवसाला, मिरवणूक आम्ही दाखवायची. या वेळी अडखळली, तर पुढल्या वर्षीपासून देऊळ मोठ्या कंपनीकडे जाणार. देऊळ गेलं की अर्धी घरं जातील, आणि अर्ध्या घरांवर संस्था चालत नाही, हे कुणाला नाही तरी हिशेब ठेवणाऱ्या मला ठाऊक आहे. संस्था बुडाली की रुओ-वेई परत तैपेईला. तिथे एका खोलीत तिघीजणी राहायच्या आणि डब्यातल्या शेवया खायच्या. चार वर्षांनी घरी आलेली लेक मी अशी जाऊ देणार नाही.

"वहिनी, देवी तुमची आणि यंत्रंही तुमची," जाताना वू भाऊजी म्हणाले. "दोघींना एकमेकींशी बोलायला लावा म्हणजे झालं."

अठ्ठावीस

आज वाळवलेलं माखूल भाजता भाजता रुओ-वेईला विचारलं, नेमकं बिघडतं कुठे? ती म्हणाली, "आई, बीजीपी सांगू का तुला? इंटरनेटच्या वाटा ठरवायची रीत?" मी म्हटलं सांग, मॅट्रिक झालेय मी.

तर ते असं आहे. आपल्या बेटाला बाहेर जायला दोन वाटा. एक समुद्राखालची केबल, ती मोठ्या कंपनीची, रुंद. दुसरी रेडिओची. देवळाच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावरून पलीकडच्या मोठ्या बेटावर, तिथल्या कोळी संघाच्या जाळ्याकडे. ती बोळासारखी अरुंद, आता अडीअडचणीपुरती; गेल्या यात्रेला मात्र तीच एकटी होती. ज्यांच्याशी आपली वाट जोडलेली असते त्यांना यंत्राच्या भाषेत शेजारीच म्हणतात. आपण दोन्ही शेजाऱ्यांकडे दवंडी पिटायची, की आमच्या बेटावर यायचं असेल तर माझ्यामार्फत या. ते स्वतःचं नाव जोडून त्यांच्या शेजाऱ्यांना सांगतात, ते पुढच्यांना. अशी सगळ्या जगभर दवंडी फिरते.

"मग कुठली वाट घ्यायची ते कोण ठरवतं?"

"जाताना आपण. मी केबलला जास्त पसंती लावून ठेवलीय. येताना मात्र समोरचे ठरवतात. ज्या वाटेवर कमी नावं, ती त्यांना जवळची वाटते. आपण फार तर सुचवू शकतो."

"म्हणजे माझू मातेसारखंच की," मी म्हटलं. आमच्या मातेच्या पालखीची वाट कागदावर ठरलेली नसते. खांदेकऱ्यांना जिकडे ओढ लागेल तिकडे ती वळते. आपण दारात टेबल मांडायचं, फळं ठेवायची, उदबत्ती लावायची. यायचं की नाही ते तिच्या मर्जीवर.

रुओ-वेई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "माखूल करपतंय."

कोळी संघाच्या पो-लिनचा फोन आला होता. त्यांच्याकडची यंत्रं तो बघतो. रोज फोन करून विचारतो, रेडिओ ठीक आहे ना. कामाला फार चोख मुलगा. रुओ-वेईही त्याच्याशी बोलायला अंगणात जाते, तिथे आवाज स्वच्छ येतो म्हणते.

तिसरा महिना, दोन

बोटीने मोठ्या बेटावर जाऊन आले. दोन कामं होती.

पहिलं, राउटरवर ठेवायची मक्याच्या फुग्यांची पाकिटं. त्या खाऊच्या नावातच "शहाण्यासारखं वाग" असं आहे, म्हणून बँकेत, इस्पितळात, स्टेशनात सगळीकडे यंत्रांवर एक पाकीट असतं. आमच्या राउटरवरचं जुनं झालं होतं. दुकानात पिवळी पाकिटं तीन घेतली तर दोनच्या भावात होती. हिरवी नेहमीच्याच भावात. तीन पिवळी घेतली. आत फुगे तेच.

दुसरं काम रुओ-वेईच्या स्थळाचं. औषधवाल्या चेन बाईंचा भाचा नगर कार्यालयात आहे, नोकरी कायमची, दात सरळ. फोटो आणला. रात्री जेवताना तिला दाखवला. तिने बघितला आणि विचारलं, "दोन्ही कानांत एवढं अंतर का?" हे वर्तमानपत्रामागे हसले. यांचं हे नेहमीचंच.

पाच

आज तालीम झाली. शाळेच्या मास्तरांनी कॅमेरा घेऊन देवळाभोवती फेरी मारली, आणि काओशुंगला धाकट्या दिरांकडे सासूबाई फोनवर बघत होत्या. त्या नव्वदीच्या, यंदा बोटीत बसवत नाही त्यांना. चित्र दोन पावलं चालायचं आणि उभं राहायचं.

सासूबाईंचा फोन. "अगं अ-चिन, मास्तर एका पायावर उभा आहे मघापासून. त्याला सांग पाय खाली टेक."

रुओ-वेईने शोधून काढलं. आपलं चित्र बाहेर जातं ते केबलनेच, बरोबर. पण पलीकडून "मिळालं, मिळालं" अशी पोच येत राहावी लागते, ती पोच आणि बेटावर येणारं बाकी सगळं रेडिओच्या बोळातून येतंय. हिवाळ्यात बेट रिकामं होतं तेव्हा चालून गेलं. आता यात्रेला माणसं घरी यायला लागलीत, जो तो फोन उघडून बसतो, बोळ तुंबतो. पोच उशिरा आली की चित्र थांबतं.

"जगाला आपली रेडिओची वाट जवळची वाटतेय," ती म्हणाली. "आता ती लांब दाखवते."

लांब कशी दाखवायची? तर रेडिओच्या बाजूच्या दवंडीत आपलंच नाव तीनदा लिहायचं. बघणारा नावं मोजतो आणि म्हणतो, अरे बापरे, इकडून फार दूर पडतंय. मला ही युक्ती फार आवडली. नको असलेल्या पाहुण्याला आपण सांगतोच की, आमचं घर ना, बंदरापासून खूप चढावर आहे हो.

सहा

नाव तीनदा लिहिलं. काही फरक नाही. मग पाचदा लिहिलं. जग बहुतेक चढ चढायला तयार आहे.

पो-लिनचा दोनदा फोन.

नऊ

देवळात जाऊन मातेला विचारलं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात धरून आधी चेन बाईंच्या भाच्याचं नाव, गाव, जन्मसाल सांगितलं, आणि टाकले. एक सपाट, एक उलटा पडला तर तिचा होकार; पण पडल्या दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे माता हसली. पुन्हा टाकले, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा टाकले तर एक तुकडा घरंगळत जाऊन वू भाऊजींच्या चपलेत पडला.

"वहिनी, एवढं काय विनोदी विचारताय तिला?"

"पोरीचं स्थळ."

"मग हसू दे. नाही म्हणाली नाही अजून."

लाइनबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

चौदा

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

दुसरी तालीम पहिल्यापेक्षा वाईट. वू भाऊजी या वेळी हसले नाहीत. "पोरी, तुझ्यावर माझा राग नाही," म्हणाले, "पण बहिणीला मी काय तोंड दाखवू?" सांगून गेले की, मोठ्या कंपनीचा माणूस वीस तारखेला बेटावर येतोय, नुसती जागा बघायला.

जागा बघायला म्हणजे काय ते मला कळतं.

रुओ-वेईने केबल कंपनीच्या मदतीच्या नंबरवर सकाळ घालवली. तिथली मुलगी म्हणाली, आमच्या बाजूने सगळं हिरवं आहे. दुपारी मी कपड्यांच्या घड्या ठेवायला तिच्या खोलीत गेले तर पलंगाखालची तैपेईची बॅग बाहेर आलेली. मी विचारलं, तर म्हणाली धूळ पुसायला काढली. बॅगेवर धूळ तशीच होती.

मी बॅग पुसून पुन्हा आत ढकलली, आणि तिच्यापुढे तांदळाच्या शेवयांचं डोंगरभर ताट ठेवलं. मातेला सांगितलं, तुझा वाढदिवस आहे हे खरं, पण या वर्षी भेट मला हवी आहे.

मला एक शंका येते आहे. पिवळं पाकीट ठेवल्यापासूनच तर हे जास्त होत नाही ना? पण रुओ-वेईला सांगायचा धीर होत नाही. भाव सांगावा लागेल.

सोळा

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

पो-लिन सकाळच्या बोटीने आला. म्हणाला, फोनवर जमत नाही, समोरासमोर बसून बघू. उंच, चष्म्याचा, बोटीच्या वाऱ्याने केस उभे. मला वाकून नमस्कार केला, "काकू, तुमच्या शेवयांबद्दल खूप ऐकलंय." कुणाकडून ऐकलं कोण जाणे, वू भाऊजींकडून असेल.

बर्फ कारखान्यामागे आमची यंत्रांची खोली आहे, तिथे आम्ही तिघं गेलो. दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला.

"हे कुणी ठेवलं?"

राउटरवर माझं पिवळं पाकीट.

"का? फुगे तेच आहेत," मी म्हटलं.

"काकू! पिवळं म्हणजे पिवळा दिवा! यंत्राला आपण सांगतोय, दमानं घे, थांब, अडखळ!"

रुओ-वेईने कपाळाला हात लावला. "आई, मी रोज इथे येते आणि मला दिसलं नाही!" त्याने स्वतःच्या पिशवीतून हिरवं पाकीट काढलं, दोन्ही हातांनी राउटरवर ठेवलं, आणि हात जोडले. तेव्हाच मी ओळखलं, मुलगा चांगल्या घरचा आहे.

मग दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसून पडद्याकडे बघू लागले. खोलीत दुसरं स्टूल होतं, त्यावर मी बसले होते.

"माझ्या बाजूने दाखवतो," पो-लिन म्हणाला. त्याने त्याच्याकडच्या राउटरशी जोडून घेतलं. "ही बघ, तुझ्याकडून मला आलेली दवंडी. नाव पाच वेळा. आणि या बाकीच्या दोन."

"बाकीच्या कुठल्या दोन?"

"या. तुमच्या पत्त्याचा अर्धा अर्धा भाग. वेगवेगळा पुकारलेला."

रुओ-वेईने पडद्यावरच्या त्या दोन ओळी बोट ठेवून पुन्हा वाचल्या. मग तिने मला समजावलं ते मी इथे उतरवते. बाराव्या महिन्यात जहाजाच्या नांगराने केबल तुटली होती. तेव्हा सगळ्या जगाने पटकन रेडिओकडून यावं म्हणून तिने बेटाचा पूर्ण पत्ता न पुकारता दोन अर्धुकं करून रेडिओच्या बाजूने पुकारली. कारण या व्यवहारात पत्ता जितका बारीक तितका त्याचा मान पहिला. "आमचं बेट" म्हणणाऱ्यापेक्षा "आमच्या बेटाची उत्तर बाजू" म्हणणाऱ्याचं आधी ऐकतात. तिथे वाट लांब की आखूड, नाव तीनदा की पाचदा, कुणी मोजायलाच जात नाही. केबल दुरुस्त झाली, पण अर्धुकं तशीच राहिली.

"केबल जोडली कधी?" पो-लिनने विचारलं.

"वर्षअखेरच्या संध्याकाळी. मी ती काढायलाच बसले होते. आई जेवायला हाक मारत आली आणि..."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

बरोबर आहे, मी म्हटलं होतं तिला. वर्षअखेरचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, आणि नव्या वर्षाच्या पाचव्या दिवसापर्यंत घरातून काही काढायचं नाही. केर काढला तर त्याबरोबर लक्ष्मी जाते. यंत्रातूनही काही काढू नकोस म्हटलं होतं. पाचवा दिवस उलटल्यावर आठवण ठेवायचं काम तिचं होतं. आणि त्या पाच दिवसांत लक्ष्मी गेली का? नाही गेली. एकाही घराने वर्गणी थकवली नाही.

"पण तुला दिसत होतं ना?" रुओ-वेई पो-लिनला म्हणाली. "इतके दिवस? आमचं सगळं गाव तुझ्या बोळातून येत होतं आणि तू बोलला नाहीस?"

पो-लिनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला वाटलं... तू मुद्दाम ठेवलंयस."

"मुद्दाम कशाला ठेवीन?"

"मला वाटलं, तुला माझ्याकडूनच यायला आवडतंय."

रुओ-वेई कानापर्यंत लाल झाली. त्या खोलीत उकडतंच फार, पत्र्याचं छप्पर. मी उठून दार उघडलं, दोघांना बसायला जागा केली आणि शेवया करायला घरी आले.

जेवायला दोघं आले ते हसत. अर्धुकं काढली म्हणे. काही मिनिटांत जगाने वाट बदलली, सगळं केबलने यायला लागलं. मी म्हटलं हिरवं पाकीट ठेवून अजून दुपारही झाली नाही, बघा.

पो-लिनने तीनदा शेवया घेतल्या. हे त्याला म्हणाले, "रेडिओची वाट मोडू नकोस हं बाबा. अडीअडचणीला लागते." त्याला ठसका लागला.

सतरा

तालीम. मास्तर शेवटपर्यंत दोन्ही पायांवर चालले. सासूबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणही सांगितलं.

वीस

मोठ्या कंपनीचा माणूस आला. वू भाऊजींनी त्याला देऊळ दाखवलं, कासवाच्या आकाराचा लाल तांदूळकेक खाऊ घातला आणि बोटीवर बसवून दिलं. मला म्हणाले, "तेविसाव्यापर्यंत मी कुणाचाच नाही, वहिनी."

पिवळी पाकिटं आम्ही खातो आहोत. फुगे तेच.

तेवीस, मातेचा वाढदिवस

पहाटे न्हाऊन दारात टेबल मांडलं. लाल कापड, पाच फळं, लाल कासव, चहा, फुलं. इतकं सुंदर टेबल गल्लीत दुसरं नव्हतं, हे गर्वाने नाही, बघून लिहिते. माता या वर्षी आमच्या दारी येणार असं मला आतून वाटत होतं.

पालखी निघाली, ढोल, फटाके. मास्तर कॅमेरा घेऊन पुढे. रुओ-वेई सकाळपासून यंत्रांच्या खोलीत. पो-लिन काल संध्याकाळच्या बोटीनेच आला होता, रेडिओ बघायला. मी कानाला फोन लावलेला, पलीकडे सासूबाई. "दिसतेय गं, दिसतेय. मुकुटाच्या खाली चेहरा, चेहऱ्याच्या खाली हार. वू म्हातारा झाला बघ."

पालखी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. थांबली. डोलली. मी हात जोडले. आणि खांदेकरी गर्रकन उलटे वळले, बर्फ कारखान्याकडे!

मी धावले. म्हातारपणी धावायचं नाही ठरवलंय, पण धावले. पालखी कारखान्यामागे, थेट आमच्या यंत्रांच्या खोलीच्या दारापुढे उभी होती, मागे पुढे डोलत. आणि तिथे ना टेबल, ना फूल. आत रुओ-वेई आणि पो-लिन, दोघं पांढरेफटक.

"काहीतरी ठेवा मातेपुढे!" वू भाऊजी ओरडले.

पो-लिनने माशांचं एक रिकामं खोकं उलटं टाकलं. रुओ-वेई आत धावली आणि राउटरवरचं हिरवं पाकीट घेऊन आली.

"ते नको!" मी किंचाळले. "ते काढलंस तर लाइन जाईल!"

"जाऊ दे आई, माता दारात आहे!" आणि तिने पाकीट खोक्यावर ठेवलं. तेवढ्यात पो-लिनने अंगातल्या जाकिटाच्या खिशातून दुसरं हिरवं पाकीट काढलं, आत जाऊन राउटरवर ठेवलं आणि धापा टाकत परत आला. खिशात पाकीट घेऊन फिरणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. किती दूरदृष्टी!

मग दोघं दारापुढे गुडघे टेकून वाकले, आणि पालखी दोघांच्या पाठीवरून पुढे गेली. माता अशी डोक्यावरून गेली की वर्षभराचं संकट टळतं. एकट्याच्या नशिबी येत नाही ते दोघांना एकदम मिळालं. मी तिथेच रडायला लागले. लाइन गेली नव्हती. एकदाही गेली नाही.

संध्याकाळी वू भाऊजी घरी आले. त्यांच्या बहिणीने काओशुंगहून पालखीची वळणं सांगून दाखवली म्हणे, एकूण एक. त्यांनी तीन वर्षांच्या करारावर देवळाचा लाल शिक्का मारून तो कागद आमच्या देव्हाऱ्यात ठेवला. रुओ-वेईने बॅग माळ्यावर टाकायला यांना शिडी धरायला सांगितलं. शिडी पो-लिननेच धरली, यांचे गुडघे दुखतात.

सगळे गेल्यावर सासूबाईंचा पुन्हा फोन आला.

"अ-चिन, सगळं बघितलं. एकदाही थांबलं नाही. आता मला सांग, पालखीखाली रुओ-वेईच्या शेजारी वाकलेला तो मुलगा कोण?"

"पो-लिन होय? कोळी संघाचा. आपला शेजारी आहे तो, रेडिओकडचा."

"आणि पालखी गेल्यावर त्याने तिचा हात धरून तिला उठवलं, तो सोडला कधी?"

मी आठवून बघितलं. मग खरं ते सांगितलं, "अजून बंदरावर त्याला पोचवायला गेलीय ती. बोट तासाभरापूर्वीच सुटली असेल खरं तर."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं लाइन अडकली. घाबरून मी "आई, आई" करत राहिले. मग कळलं, सासूबाई हसत होत्या. इतक्या हसत होत्या की धाकटे दीर पाणी घेऊन धावले.

फोन ठेवून मी देव्हाऱ्यापुढे आले. चेन बाईंच्या भाच्याचा फोटो कराराखालून काढला आणि घरातले चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात घेतले. या वेळी दुसरं नाव सांगितलं. जन्मसाल माहीत नव्हतं, ते मातेलाच विचारून घे म्हटलं.

एक सपाट, एक उलटा. पहिल्याच फेकीत.